भाऊजींची दक्षिणवाली कॅसेट

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रॅप संगीताचा आख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच जाणकार आहे, आणि त्याला इंग्रजीतले 'ओके' आणि 'ब्रेक फेल' एवढे दोनच शब्द येतात. हा जाणकार म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी. घुग्घुसजवळच्या एका गावात राहतात आणि उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवतात. त्यांचं वावर खाणीत गेलं, त्या बदल्यात ही नोकरी मिळाली. वावर गेल्यावर शहाणा माणूस बैल विकतो. भाऊजींनी बैलजोडी ठेवली. नांगरायला वीतभर जमीन नाही, पण गोठ्यात दोन धष्टपुष्ट बैल, आणि त्यांची नावं 'साइड ए' आणि 'साइड बी'. जोडी म्हातारी झाली की नवी येते, नावं तीच राहतात. त्यातला साइड बी मारका आहे. नवा पाहुणा अंगणात शिरला की भाऊजी ओसरीवरून ओरडतात, "साइड बी पासून दूर राहा जी!" पाहुणा बिचारा कोणत्या बाजूला सरकावं या विचारात असतानाच शिंग खातो.

ही नावं ज्या कॅसेटमुळे पडली ती कॅसेट माझी भाची प्राजू जन्मायच्या आधी घरात आली. खाणीत तेव्हा एक अजस्र खोदयंत्र आलं होतं आणि त्याची जोडणी करायला अमेरिकेतून एक मेकॅनिक आला होता. साडेसहा फूट उंच, बोलायला मऊ. त्याला इथलं ऊन सोसेना आणि कँटीनचं जेवण उतरेना. भाऊजींनी कुणालाही न विचारता त्याला आपल्या डब्यातलं वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी खाऊ घातली. पुढे दोन महिने ताई दोन डबे भरत होती. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, तरी तासन्‌तास बोलत बसायचे म्हणे. जाताना त्या माणसाने आपल्या खिशातली कॅसेट काढून भाऊजींच्या हातावर ठेवली आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या इंजिनिअरने त्याचा अर्थ सांगितला. तो अर्थ भाऊजींनी मला आजवर किमान दोनशे वेळा ऐकवला आहे, म्हणून तो मला पाठ आहे.

"तो म्हने, आमी आमच्या देशातले दक्षिणवाले. मोठ्या शहरातले लोकं आमच्या बोलन्याले हसे. गावंढळ म्हने. गानं त आमालेच येते म्हने, तुमाले काय येते? मंग आमच्या पोराइनं आमच्याच बोलीत, आमच्याच चालीत हा अल्बम काढला. कोनाले इचारलं नाई. आन् आता? आता तेच शहरवाले आमच्यासारखं बोलून पाह्यते, त जमत नाई त्याइले!" हे शेवटचं वाक्य बोलताना भाऊजी मांडीवर अशी थाप मारतात की जणू तो अल्बम त्यांनीच काढला.

कॅसेटवरची आणि तिच्या वेष्टनावरची छापील अक्षरं भाऊजींच्या अंगठ्याने आणि खाणीच्या धुळीने पहिल्या वर्षभरातच पुसली. त्यामुळे अल्बमचं आणि गायकांचं नाव काय, हे गुपितच राहिलं. घरात तिला 'दक्षिण' म्हणतात. "दक्षिण लाव न जरा," एवढं म्हटलं की झालं. गावात मात्र याचा वेगळाच अर्थ निघाला. आमच्याकडे दक्षिण म्हणजे राजुऱ्याच्या पलीकडे, तेलंगण. गावकऱ्यांची पक्की समजूत झाली की हा माणूस तेलुगू गाणी ऐकतो. एकदा तर भाऊजींच्या मित्रांनी राजुऱ्याहून एका तेलुगू बोलणाऱ्या शिंप्याला अर्थ सांगायला मुद्दाम आणलं. तो भला माणूस अर्धा तास डोळे मिटून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हे आमच्या इकडचं नाई जी. लय खालचं दिसते. समुद्राच्या जवळचं असंन." भाऊजींनी त्याला चहा पाजला आणि एक पँट शिवायला टाकली.

ती पँट हा आमच्या घराण्याच्या इतिहासातला काळा दिवस आहे. कॅसेटच्या वेष्टनावर अक्षरं उरली नव्हती, पण चार जणांचा फोटो होता. त्यांच्या पँटी एवढ्या ढगळ की एकेकीत आमचं आख्खं कुटुंब मावलं असतं, आणि गळ्यात जाड साखळ्या. भाऊजींनी शिंप्याला तो फोटो दाखवून हुबेहूब पँट शिवून घेतली. साखळीचा प्रश्न त्यांनी बैलाच्या घुंगरमाळेने सोडवला. आणि हा पोशाख त्यांनी घातला कुठे? तर माझ्या लग्नात! अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकाचा सूर लावतात, आणि मांडवाच्या दारातून छम छम छम. वऱ्हाडी मंडळींना वाटलं बैल सुटला. दोन म्हाताऱ्या तर खुर्च्यांवर चढल्या. ताई भाऊजींशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती एवढंच, "ती माळ बैलाले घाला. त्याले शोभते."

तुम्ही म्हणाल, गाण्यातलं काही कळत नाही तर माणूस ऐकतो काय? मीही हेच विचारलं होतं. भाऊजी म्हणाले, "मास्तर, तुले मंगलाष्टक कळते काय? तरी लगन झालंच न तुह्यं!" कळत नसल्यामुळे भाऊजींची एक सोय झाली होती. जगातल्या कोणत्याही प्रश्नाचं उत्तर त्या अल्बममध्ये आहे, असं ते छातीठोकपणे सांगू शकत होते. शेजाऱ्यांच्या भावाभावांत बांधावरून भांडण झालं तर हे मध्ये पडून म्हणणार, "साइड बी, तिसरं गानं. त्यात हेच सांगून ठेवलं हाय." काय सांगितलंय? "हेच का, बोलून टाकाव, मनात ठेवू नाई." डॉक्टरने तंबाखू सोडायला सांगितली तेव्हा त्यांनी रात्रभर विचार करून जाहीर केलं की साइड ए मधल्या दुसऱ्या गाण्यात याला मनाई नाही. मग ताईने तंबाखूची डबी विहिरीत टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच गाण्यात मनाई सापडली.

आता टेपरेकॉर्डरची कहाणी सांगायलाच हवी, कारण सगळं पुढचं तिच्यावर उभं आहे. आतला पट्टा पहिल्याच उन्हाळ्यात तुटला. भाऊजींनी सायकलच्या ट्यूबमधून एक रबर कापून तिथे बसवलं. टेप चालू झाला खरा, पण संथ. गाणं असं यायचं की गाणारा भरपेट जेवून भिंतीला टेकून बोलतोय. आवाज खोल, शब्द लांब, आणि दोन ओळींच्या मध्ये एवढी जागा की माणूस उठून पाणी पिऊन येईल. ताई म्हणायची, "काऊन असा रडून राह्यला तो? जेवला नसंन बिचारा." पण हळूहळू घराला त्या चालीची सवय झाली. प्राजू तर पाळण्यात त्याच आवाजावर झोपायची. भाऊजी स्वतः तसेच बोलू लागले. खाणीत डंपर मागे घेताना जो हॉर्न पीं पीं वाजतो, त्यावर ते अंगठ्याने स्टेअरिंगवर ठेका धरायचे आणि म्हणायचे, हा बरोबर आपल्या दक्षिणेच्या चालीत वाजतो.

प्राजू बारावीत असताना तिने मोबाइलवर गाणं ऐकवून त्याचं नाव शोधून देणारं काहीतरी लावलं आणि तो अल्बम हुडकून काढला. ट्यूबच्या चालीत मोबाइलला काही ओळखू येईना, म्हणून पोरीने पेन्सिल घालून टेप जरा जोराने फिरवला, तेव्हा कुठे सापडला. मग तिने तो मोबाइलवर लावला, खऱ्या वेगात. भाऊजी ताठ बसले. गाणारे धडाधड, कढईत लाह्या फुटाव्यात तसे बोलत होते. भाऊजींनी पहिलं गाणं पुरतं ऐकलं, आणि हात वर करून बंद करायला लावलं.

"हा डुप्लिकेट होय."

"बाबा, हाच असली हाय. आपला टेप हळू चालते."

"एवढ्या घाईत मानूस खरं बोलत नाई, माय. घाईनं बोलते तो काहीतरी विकते. आपला सांगते."

प्राजूने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. वीस वर्षं प्रेम केलेल्या माणसाचा आवाज खोटा आहे असं कुणी सांगितलं तर मीसुद्धा नसतं ऐकलं.

आता मी कोण, तेही सांगतो. मी राजुऱ्याच्या शाळेत मराठी शिकवतो. शुद्ध, प्रमाण, व्याकरणाची मराठी. वर्गात एखादं पोरगं म्हणालं, "सर, मले पानी प्याले जाऊ द्या," की मी त्याला थांबवायचो. मले नाही, मला. प्याले नाही, प्यायला. तीनदा म्हण. आता जा. काही पोरांची तहान तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत मरून जायची. यावरून भाऊजींचं आणि माझं कायम जुंपायचं. ते म्हणायचे, "मास्तर, तू इकडचा शहरवाला होय. आमाले हसनारा." मी म्हणायचो, भाऊजी, पोरांना उद्या बाहेर जायचं आहे, लोक नावं ठेवतील. ते म्हणायचे, "ठेवू दे न बे नावं. त्याइले काय काम हाय दुसरं?"

भाऊजींची खरी शान दिसायची ती पोळ्याला. आमच्याकडे पोळ्याच्या दुपारी गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सजवलेले बैल ओळीने उभे करतात, आणि मग एकेक जण झडती म्हणतो. झडती म्हणजे दोन-चार ओळींचं यमकदार पद. त्यात कुणाचीही टिंगल चालते, सरपंचाची, सासूची, सरकारची. पद संपलं की सगळा जमाव गर्जतो, हर बोला हर हर महादेव! इतर लोक झडती ओरडून, धापा टाकत म्हणतात. भाऊजी ट्यूबच्या चालीत म्हणायचे. सावकाश. ढगळ पँट घालून, एक हात हवेत हलवत. आणि ओळीतला शेवटचा शब्द म्हणायचेच नाहीत. कॅसेटमध्ये म्हणे एक जण बोलतो आणि ओळीचा शेवटचा शब्द मागून दुसराच टाकतो. भाऊजींचा दुसरा म्हणजे प्राजू. चार वर्षांची असल्यापासून बापाच्या खांद्यावर बसून ती तो शब्द टाकायची.

"कोळशाची धूळ आन् उन्हाच्या झळा,
पांढरा बैल माहा झाला..."

"काळा!" खांद्यावरून चिमणा आवाज.

"साहेब आला, फोटो काढला,
रस्त्यातला खड्डा अजून..."

"वाढला!"

लोक हसून लोटपोट. खांद्यावर मावेनाशी झाली तशी ती शेजारी उभी राहू लागली. पोळ्याला तोरणाखाली पोरीबाळी उभ्या राहत नाहीत, म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. भाऊजींनी साइड बी, पहिल्या गाण्याचा दाखला दिला आणि खरा साइड बी कासऱ्याला धरून पुढे आणला. कुरकुर थांबली.

मग प्राजूला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला अंगणात बसवून मामा म्हणून चार गोष्टी सांगितल्या. त्यातली मुख्य अशी, की बाई गं, तिकडे मले-तुले करू नकोस. हसतील. शक्यतो कमी बोल, आणि बोलशील तेव्हा जपून बोल. पोरगी हुशार आणि आज्ञाधारक. तिने मामाचं ऐकलं. पहिले दोन महिने ती फोनवर हो-नाहीपुरतं बोलायची. मग पोळ्याच्या आधी फोन आला. भाऊजींनी स्पीकर चालू केला, मी समोरच बसलो होतो.

"बाबा, मला पोळ्याला यायला जमणार नाहीये. सबमिशन आहे."

एक शब्दही चुकीचा नव्हता. परीक्षेत मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. भाऊजींनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "मास्तर, ही कोन होती?"

त्या पोळ्याला मी गेलो होतो. भाऊजी तोरणाखाली उभे राहिले, हात वर केला, पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. आणि सवयीने थांबले. जमावही थांबला. शेवटचा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता, तो नेहमी प्राजूकडे असायचा. मागून कुणीतरी हसून म्हणालं, "इसरले वाटते भाऊ." भाऊजींनी हात खाली घेतला, साइड ए आणि साइड बी चे कासरे धरले आणि हर हर महादेव व्हायच्या आत घरचा रस्ता धरला. त्या संध्याकाळी त्यांनी कॅसेट ट्रंकेत ठेवली.

चार महिने दक्षिण वाजली नाही. ज्या ताईने वीस वर्षं त्या कॅसेटला शिव्या घातल्या, तिनेच मला फोन केला. "बाबू, ये न रे एकदा. घर खायाले उठते. त्याइले म्हन, लावा तुमचं ते रडगानं."

मी रविवारी सकाळी गेलो. भाऊजी अंगणात बैलाची घुंगरमाळ चिंचेने घासत बसले होते. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हणालो, भाऊजी, चूक माझी आहे. तिला तसं बोलायला मीच सांगितलं होतं. मला वाटलं आता ते साइड बी चा कासरा सोडतील. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"तू मास्तर होय. तुवं तुह्यं काम केलं." माळ घासत राहिले. "मले एवढंच वाटते मास्तर, तिले माह्यी लाज वाटत असंन काय?"

मी मातीत पडलेलं एक घुंगरू उचलून त्यांच्यासमोर ठेवलं. आणि तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. फोन नव्हता, प्राजूने ध्वनिफीत पाठवली होती. सोबत एवढंच लिहिलं होतं, की काल कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये म्हटलं, मैत्रिणीने रेकॉर्ड केलं, हे बाबांसाठी. भाऊजींचे हात चिंचेने माखलेले, म्हणून मीच ते लावलं. आधी मोठ्या सभागृहातली गलबल. कुणीतरी शिट्टी मारली. मग तिचा आवाज आला. खोल, लांब, सावकाश. सायकलच्या ट्यूबवर चालणारा.

"दगडी कोळशाच्या गावची मी हाय,
मले म्हनलं त हसता..."

आणि पुढे काहीच नाही. शांतता. मी मोबाइल हलवला. म्हणालो, अडकलं वाटतं, इथे रेंजचा काही भरवसा...

"गप रे मास्तर," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "ते जागा माही होय."

फीत चालूच होती. तिने खरोखरच जागा सोडली होती. पाचशे पोरांसमोर उभी राहून ती एका शब्दापुरती थांबली होती, आणि त्या सभागृहात तो शब्द टाकणारं कुणी नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"मले म्हनलं त हसता..."

"काय!" भाऊजी अंगणातून गरजले. साइड ए ने दचकून वर पाहिलं.

"सहा महिने बसली मी मुक्यावानी,
तोंडात बोली, आन् डोळ्यात..."

"पानी," भाऊजी म्हणाले. हे जरा हळू आलं.

"सावकाश बोलते आमचा बाप,
त्याच्या बोलीले नाई कुठीच..."

शांतता. भाऊजी घुंगरमाळ मुठीत घट्ट धरून नुसते बसून राहिले. ती जागा तशीच रिकामी सरकत चालली होती, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा खणखणीत आवाज आला.

"माप! माप म्हना न! आन् चा घ्या, थंडा होऊन राह्यला!"

वीस वर्षं रडगाणं, रडगाणं म्हणणाऱ्या बाईला कुठे थांबायचं आणि कुठे शब्द टाकायचा हे अचूक ठाऊक होतं. भाऊजींनी स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. मग हसले, आणि हसताहसता चिंचेच्या हातांनीच डोळे पुसले, त्यामुळे पुढचा अर्धा तास त्यांना डोळे धुवत बसावं लागलं. दुपारी ट्रंक उघडली. दक्षिण वाजली. प्राजूचा फोन आला तेव्हा भाऊजींनी सगळं कौतुक गिळून एकच तक्रार केली, "दुसऱ्या ओळीत थोडी घाई केली तुवं, माय." तिकडून पोरगी म्हणाली, "बाबा, मले भेव वाटून राह्यलं होतं न." तो 'मले' ऐकून भाऊजींनी माझ्याकडे असा विजयी कटाक्ष टाकला की मी चहाचा कप घेऊन गोठ्यात गेलो.

मी अजून मराठीच शिकवतो. परवा वर्गात एक पोरगी म्हणाली, "सर, मले पानी प्याले जाऊ द्या." सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला, तीनदा म्हणवून घेतो म्हणून. मी म्हटलं, जा. ती बिचारी दारापर्यंत जाऊन परत वळून पाहत होती.

ती ध्वनिफीत माझ्याही मोबाइलमध्ये आहे. राजुऱ्याहून ताईकडे जाताना बसमध्ये कधीकधी कानाला लावून ऐकतो. मले म्हनलं त हसता, असं ती म्हणते आणि थांबते. तो शब्द मला येतो. माझं तोंडही उघडतं. मग मी ते मिटून घेतो आणि खिडकीबाहेर पाहत बसतो. तिला गप्प राहायला मीच शिकवलं होतं. ती जागा माझी नाही.